गाव बसल्यावर सांगू

लाल पास गळ्यात असला की माणसाला एकट्यानं लघवीलाही जाता येत नाही, हे मला नोकरीच्या पहिल्याच सकाळी कळलं.

चंद्रपूरच्या पलीकडे जंगलात सरकारचा एक मोठा कारखाना आहे. आत दारू बनते. बाहेरगावचे लोक हे ऐकून हसतात, म्हणून लगेच सांगते, ही तोफेत भरायची दारू. ती थंड आणि कोरड्या कोठारांत ठेवावी लागते, आणि कोठारं थंड ठेवणाऱ्या यंत्रांची देखभाल एका ठेकेदाराकडे होती. मी त्या ठेकेदाराची माणूस. गडचिरोलीतल्या अगदी आतल्या गावातून आश्रमशाळा, तिथून आयटीआय, आणि आयटीआयमध्ये याच यंत्रांचं काम शिकून मी इथवर आले होते. कारखाना सरकारचा, यंत्रं सरकारची, पगार ठेकेदाराचा. मी नेमकी कोणाची हे फाटकावर कोणालाच ठरवता येत नसे, म्हणून माझी झडती दोनदा व्हायची.

कायम कामगारांचा पास निळा. ठेकेदाराच्या ज्या माणसाची पोलीस पडताळणी पूर्ण झाली, त्याचा हिरवा. पडताळणी बाकी असेल तर लाल, आणि लाल पासवाल्याबरोबर सुरक्षा विभागाचं माणूस सतत हवंच. मला मिळाल्या चिमूरकडच्या एक गार्डबाई. वयानं माझ्या मावशीएवढ्या, गुडघे दुखरे, तोंड अखंड सुरू. मी काम करायची त्या यंत्रखोलीच्या दारात जमिनीवर पिवळी रेघ मारलेली होती. बाई शेजारी नसताना ती ओलांडायची नाही. बाई जेवायला गेल्या की मी रेघेच्या आत. बाईंना साहेबांनी बोलावलं की मी रेघेच्या आत. तहान लागली तरी मी आधी विचार करायची, कारण पाणी प्यायलं की पुढचं आलंच.

"आत्ताच त गेलती ना वं," बाई म्हणायच्या. "पोटात बोअर मारला काय?"

"सकाळी गेलती, बाई."

"तुह्यासाठी सकाळ. माह्या गुडघ्याले आत्ताच आहे ते."

कुरकुरत का होईना, यायच्या. मला त्यांचा भयंकर राग यायचा आणि त्यांच्याशिवाय माझं पानही हलत नसे. दुसऱ्या कोठारातलं यंत्र बंद पडलं, तिथे मिस्त्री हाका मारतोय, मी हातात पाना घेऊन रेघेवर उभी, आणि बाई चहाला गेलेल्या. असं झालं की मिस्त्री माझ्यावरच ओरडायचा. त्याचंही खरं होतं. यंत्र काही पासाचा रंग बघून बिघडत नाही.

पडताळणीचा कागद कसा फिरतो ते मला बाईंनीच समजावलं. आपण फॉर्म भरायचा. गेली काही वर्षं कुठे कुठे राहिलो ते लिहायचं, कधी अटक झाली का, खटला चालला का, त्यावर 'नाही' लिहायचं, आणि आपल्याला ओळखणाऱ्या गावातल्या दोन माणसांची नावं द्यायची. कागद ठेकेदाराकडून कारखान्याच्या सुरक्षा कार्यालयात जातो, तिथून जिल्ह्याच्या पोलीस कार्यालयात, तिथून ठाण्यात, आणि ठाण्यातून एका हवालदाराच्या हातात. एवढी मोठी सरकारी शिडी उतरत उतरत शेवटी एक हवालदार दोन शेजाऱ्यांना विचारतो, पोरगी कशी आहे? ते म्हणतात, चांगली आहे. मग कागद पुन्हा शिडी चढायला लागतो.

"आपल्या गावच्या पोरीले कोणी वाईट म्हणते काय?" बाई म्हणाल्या. "नोको घाबरू. येते तुह्यावाला."

मी कशाला घाबरते? दोन नावांत एक काकाचं होतं, माझ्या बाबाच्या धाकट्या भावाचं. दुसरं शेजारच्या आजाचं. हा आजा नात्यातला नव्हे. गावातली सगळी पोरं त्याला आजा म्हणायची, मीही म्हणायची. दोघांची घरं आमच्या घराच्या दोन बाजूंना. त्यांच्याइतकं मला ओळखणारं दुसरं कोण होतं? आमच्या गावात पोलीस पाटील नव्हता. ती जागा घ्यायला कोणी तयारच होत नसे. त्यामुळे या दोघांच्या शब्दावरच सगळं होतं.

लाल पास मुदतीचा असतो. माझी मुदत संपली, वाढवली. पुन्हा संपली, पुन्हा वाढवली. सरकारी काम अन् सहा महिने थांब, हे लहानपणापासून ऐकलेलं, म्हणून थांबले. माझ्यानंतर लागलेल्या एका पोराचा हिरवा पास आला. तो ऐटीत पिवळी रेघ ओलांडून आत-बाहेर करू लागला, तेव्हा मात्र मी ठेकेदाराच्या सुपरवायझरला गाठलं.

"तुमचं अडकलं आहे," तो म्हणाला.

"कशात?"

"ते गोपनीय असतं."

"माझ्याबद्दलचं, आणि मलाच गोपनीय?"

"तुमच्याबद्दलचं आहे म्हणूनच."

माणूस वाईट नव्हता. दुपारी जेवताना डबा उघडता उघडता, माझ्याकडे न बघता त्यानं सांगितलं. ठाण्याचा शेरा आला होता, 'शेजाऱ्यांनी माहिती देण्यास असमर्थता दर्शविली.' सुरक्षा अधिकाऱ्यांच्या हिशेबात शेजारी बोलत नाहीत म्हणजे ते घाबरतात, आणि घाबरतात म्हणजे पोरीच्या मागे कोणीतरी आहे. त्यातून गाव गडचिरोलीचं. फेरविचारणा पाठवली होती. या वेळीही तसंच उत्तर आलं तर नामंजूर.

नोकरीच जाणार असती तर मी रडून मोकळी झाले असते. दुसरी शोधली असती. पण आमच्या भागात माझ्या कामाची फाटकं असून असून किती? वीज केंद्र, कोळशाच्या खाणी, कोरपन्याकडचे सिमेंटचे कारखाने. मी जिथे जिथे अर्ज केला होता, तिथे फॉर्ममध्ये एक ओळ होतीच, 'यापूर्वी आपली पडताळणी कोठे नाकारली गेली आहे काय?' एकदा तिथे 'होय' लिहावं लागलं की पुढे कोणी वाचत नाही. म्हणजे माझं शिक्षण, माझे पाने, माझी सगळी उमेद या एका शेऱ्यावर टांगलेली. आणि तो शेरा लिहायला लावला होता कोणी, तर माझ्याच काकानं आणि आजानं.

कारण 'असमर्थता' हा शब्द ऐकताच मला कळलं होतं की ते काय बोलले असतील. आधी हसू आलं, पण ते टिकलं नाही.

आमच्या गावात बाहेरच्या माणसाला कोणी एकटा दुसऱ्याबद्दल काही सांगत नाही. वाईट सांगत नाही आणि चांगलंही सांगत नाही. विचारलं की एकच उत्तर, 'गाव बसन, मंग सांगू.' मग गोटुलात, म्हणजे गावाच्या बैठकीच्या मांडवात, सगळं गाव बसतं. ज्याच्याबद्दल विचारलं त्याला समोर बसवतात आणि सगळ्यांचं एक होईपर्यंत बोलतात. एकाचंही मन मागे असेल तर उत्तर जात नाही. एकदा सर्व्हे करायला मास्तर आले होते. एका घरी विचारलं, पलीकडच्यांच्या बकऱ्या किती? बकऱ्या तिथेच समोर बांधलेल्या, बें बें करताहेत, तरी उत्तर तेच. मास्तरांनी शेवटी स्वतःच मोजल्या. आश्रमशाळेत ही गोष्ट सांगून मी पोरींना पोट धरून हसवायची.

सुट्टी टाकून गावी गेले. मोहफुलाचे दिवस होते. अंगणाअंगणात फुलं वाळत घातलेली, गोड वासानं डोकं जड झालेलं. काका खाटेवर बसला होता. मला बघून खूश झाला आणि मी विचारायच्या आधीच अभिमानानं सांगायला लागला.

"ठाण्यात बलावलं होतं ना आमाले, मले अन् आजाले. हवालदार चांगला होता बापा. चहा पाजला. म्हणे, पोरगी कशी आहे? आमी सांगतलं, एकट्यानं नाई सांगता येत साहेब. गाव बसन, मंग सांगू."

"मंग?"

"मंग तो म्हणे, बरं, जा."

"अन् गाव बसलं?"

"तू कुठी होती इथी? तुह्या मागं कसं बसन?"

मी खवळले. म्हटलं, चांगली आहे, एवढं म्हणायला जीभ झडली असती काय? तिकडे मला कोणी संडासात एकटी सोडत नाही, आणि तुम्ही चहा पिऊन परत येता? काका गोंधळला. मग दुखावला.

"दुसऱ्याचं पोट्टं असतं त एखाद वेळ बोलून बसलो असतो," तो म्हणाला. "तुह्यासाठी काऊन मोडू? हा नियम तुह्याच घरासाठी झाला."

ते मला ठाऊक होतं. पण ठाऊक असणं वेगळं आणि त्यात आपलाच पाय अडकणं वेगळं.

मी लहान होते तेव्हाची गोष्ट. त्या वर्षांत जंगलात पोलीस आणि बंदुका घेतलेले जंगलवाले, दोन्हीकडचे लोक फिरायचे आणि दोघांचा प्रश्न एकच असायचा, अमका माणूस कसा आहे? आजाला असंच कोणीतरी एकट्याला गाठलं आणि माझ्या बाबाबद्दल विचारलं. आजा काय बोलला ते कोणाला नीट माहीत नाही. भीतीनं तोंडातून सुटलेला एखादा शब्द असेल. त्यानंतर बाबाला नेलं. पाऊस लागायच्या आधी नेलं आणि धान कापणीला आलं तेव्हा परत सोडलं. परत आलेला बाबा दिवसभर अंगणात बसून असायचा आणि मी मागून हाक मारली तरी दचकायचा. म्हणून मी समोर जाऊन मगच बोलायला शिकले. पुढे काही वर्षांत तो गेला.

बाबा परत आला त्या हंगामात मायनं गाव बसवलं. आजाला समोर बसवलं. लोकांना वाटलं ही दंड मागेल, त्याला गावाबाहेर काढा म्हणेल. तिनं एवढंच मागितलं की आजपासून कोणी कोणाबद्दल एकट्यानं बोलायचं नाही, आणि ज्याच्याबद्दल बोलायचं तो समोर पाहिजे. सगळे हो म्हणाले. आजाही हो म्हणाला. त्यानंतर तो माणूस कोणाबद्दल चकार शब्द बोलला नाही. लग्नात नवरदेव कसा आहे विचारलं तरी मान खाली घालायचा. माय त्याच्याशी कधी भांडली नाही, पण त्याच्या घरचं पाणी तिनं पुन्हा घेतलं नाही. मी मात्र त्याच्याच अंगणात खेळून मोठी झाले. मायनं मला कधी अडवलं नाही.

दिवस कलल्यावर माय रानातून आली. टोपली उतरवली आणि फुलं पसरायला बसली. मीही बसले.

"माय, एक डाव मोडू दे ना नियम. काका अन् आजा जातीन, दोन शब्द सांगतीन, येतीन."

"नाई."

"माह्या साऱ्या जन्माचा प्रश्न आहे वं."

"तुह्या बापाचा बी होता," ती म्हणाली.

मला तिचा इतका राग आला की तोंडाला येईल ते बोलले. बाबाला तर तू वाचवू शकली नाहीस, आता मलाही त्याच खड्ड्यात घाल, असंसुद्धा म्हटलं. ती फुलांमधला काडीकचरा वेचत राहिली. धरलं तर चावतं आणि सोडलं तर पळतं, अशी माझी गत. नियम मोडा म्हणणारी मी बाबाची पोर, आणि नियम मोडला नाही तर मी कुठलीच नाही. तिकडे दाराशी पिवळी रेघ आणि इकडे ही नियमाची, आणि दोन्ही माझ्या भल्यासाठीच मारलेल्या.

काडी वेचता वेचता माय म्हणाली, "गाव बसू दे. तू समोर बस."

मोहफुलाच्या दिवसांत गाव बसवणं सोपं नाही. पहाटेपासून सगळे रानात. शेवटी एका दुपारी फुलं वेचून आल्यावर लोक जमले, घामेजलेले, कंटाळलेले. मला मध्ये बसवलं. अर्धं गोंडीत, अर्धं मराठीत बोलणं सुरू झालं, आणि मी तिथे बसून माझी सगळी लक्तरं ऐकली. एका काकूनं सांगितलं की मागच्या खेपेला ही माझ्या दारावरून गेली पण पाणी प्यायला थांबली नाही. एकानं सांगितलं की लहानपणी त्याच्या कोंबडीला हिनं गोटा मारला होता. कोंबडी लंगडी झाली होती म्हणे. मग एक म्हातारी उठली आणि म्हणाली, "हे पोरगी सणाच्या आधी आंबा खाते."

आमच्यात आंब्याचा सण झाल्याशिवाय, देवाला दिल्याशिवाय, नवा आंबा तोंडाला लावत नाहीत. चंद्रपूरच्या बाजारात आंबा सणाची वाट बघत नाही. मी मान खाली घातली, तेवढ्यानं सगळ्यांना उत्तर मिळालं.

यावर जी चर्चा झाली ती कारखान्याच्या सुरक्षा अधिकाऱ्यानं ऐकायला हवी होती. सणाआधी आंबा खाणारी पोरगी चांगली म्हणावी की नाही? काहींचं म्हणणं, नाही. काहींचं म्हणणं, शहरात राहते, काय करणार. बराच वेळ घासाघीस झाली. मी एकदा उठून जायला निघाले तर काकानं हात धरून खाली बसवलं. शेवटी गावाच्या भुमकानं, म्हणजे पुजाऱ्यानं, तोडगा काढला. आंब्याचं ते देवाचं अन् तिचं. सरकार आंब्याचं विचारून नाई राह्यलं. सरकारले एवढंच सांगाचं, चोरी करते काय, खोटं बोलते काय, दगा देते काय. तिन्हीला सगळं गाव नाही म्हणालं. आजा मागे खांबाला टेकून बसला होता. त्यानं नुसती मान हलवली.

"मंग ठाण्यात सांगन कोण?" कोणीतरी विचारलं. सगळ्यांनी मायकडे बघितलं.

"समदे जाऊ," माय म्हणाली.

मी कपाळाला हात लावला. गडचिरोलीतल्या ठाण्यासमोर एक अख्खं गाव ट्रॅक्टरमधून उतरतं म्हणजे काय, हे यांना कोण सांगणार? पण आता माझं बोलणं संपलेलं होतं. बोलायची पाळी गावाची होती.

दुसऱ्या दिवशी निघालो. बाया, म्हातारे, कडेवरची पोरं, सगळी दाटीवाटीनं उभी. ठाण्याला काटेरी तारांचं कुंपण, वाळूच्या पोत्यांचा आडोसा. ट्रॅक्टर वळलेला दिसताच पहाऱ्यावरचा शिपाई ओरडला, थांबा तिथंच! दोन-चार जण आतून धावत आले. मोर्चा कशाचा, नेता कोण, निवेदन कुठे, विचारायला लागले. काका पुढे होऊन म्हणाला, "मोर्चा नाई साहेब. पोरगी कशी आहे ते सांगाले आलो."

तो हवालदार बाहेर आला. बाहेरच्या जिल्ह्यातला, पोट सुटलेला, दमलेला माणूस. त्यानं काकाला ओळखलं. सगळं ऐकून घेतलं आणि रुमालानं डोकं पुसत म्हणाला, "अहो, मला दोनच जबाब पाहिजेत. दोघांनी आत या, बाकीच्यांनी घरी जा."

कोणी हललं नाही. हवालदार चिडला, मग हसला, मग पुन्हा चिडला. ऊन तापत होतं. मला वाटलं, संपलं. आता हा 'जमाव जमवून दबाव' असं काहीतरी लिहील आणि मी कायमची बुडेन.

तेव्हा माय पुढे झाली. "दोघं बोलतीन," ती म्हणाली. "पण आत नाई. इथी, समद्यांसमोर. पोरीच्या समोर."

हवालदारानं खुर्ची बाहेर मागवली. गुडघ्यावर कागद घेतला. काकानं गावाचं ठरलेलं सांगितलं, चोरी नाही, खोटं नाही, दगा नाही. हवालदारानं लिहिलं आणि सही घेतली. मग आजाला म्हणाला, "हं, बाबा, तुम्ही बोला."

आजा उभा राहिला. त्याचे ओठ हलत होते. इतक्या वर्षांत त्यानं कोणाबद्दल तोंड उघडलं नव्हतं.

"माह्या एका शब्दानं हिच्या बापाले नेलं होतं," तो म्हणाला. "एकटा होतो, घाबरलो, बोलून बसलो. आज गाव संगं आहे. हे पोरगी चांगली आहे. गाव म्हणते, मी बी म्हणतो."

आजा खरं बोलला होता. मनापासून, माझ्या भल्यासाठी बोलला होता, आणि त्यानंच मला पुन्हा बुडवलं होतं. फॉर्मवर बापाबद्दल काही विचारलं नव्हतं, मी खोटं काही लिहिलं नव्हतं. पण आता ते ठाण्याच्या आवारात, पोलिसाच्या कानावर पडलं होतं. हवालदाराचं पेन कागदावर थांबलं.

"बापाला नेलं होतं?" त्यानं विचारलं. "कोणी?"

याला उत्तर कुठलंही दिलं तरी माझा कागद बुडत होता. पोलिसांनी नेलं म्हटलं तर मी संशयिताची पोर. जंगलवाल्यांनी नेलं म्हटलं तर जंगलवाल्यांशी संबंध आलेलं घर. मी मायकडे बघितलं.

"ते असं नाई सांगता येत," माय म्हणाली. "गाव बसन, मंग सांगू."

"गाव तर सगळं इथंच बसलंय की!"

"हे गाव पोरीसाठी बसलं, साहेब," काका म्हणाला. "त्या गोष्टीसाठी अलग बसा लागन. अन् ज्याची गोष्ट आहे तो समोर पायजे."

"मग बोलवा त्याला."

कडेवरचं एक पोर रडायला लागलं, त्याच्या आईनं त्याला थोपटलं. हवालदारानं आमच्या तोंडांकडे आळीपाळीनं बघितलं आणि मग माझ्याकडे. त्याला कळलं असावं. त्यानं पेन पुन्हा टेकवलं, 'वर्तणूक चांगली' एवढं मोठ्यानं म्हणत लिहिलं आणि आजापुढे कागद धरला. आजानं अंगठा दिला. अंगठा पुसायला त्याला काही सापडेना, तो हात तसाच हवेत धरून उभा राहिला, तेव्हा मायनं आपल्या पदराचं टोक पुढे केलं. परतताना ट्रॅक्टरमध्ये तिच्याकडचा पाण्याचा तुंबा सगळ्यांच्या हातून फिरला. आजा प्यायला, मग तिनं घेतला आणि न पुसता प्यायली.

हिरवा पास आला तेव्हा कारखान्याच्या फाटकावर माझी झडती एकदाच झाली. गार्डबाई म्हणाल्या, "जाय आता एकटी, माह्या गुडघ्याची सुटका झाली," आणि दिवसभरात दोनदा काही कारण काढून यंत्रखोलीत बघून गेल्या. मी पिवळी रेघ ओलांडली, कोठारापर्यंत गेले, परत आले. काम नसताना पुन्हा एकदा गेले. मोकळं वाटायला हवं होतं. काही वर्षांनी पडताळणीची मुदत संपून पास पुन्हा लाल होणार, कागद पुन्हा शिडी उतरणार आणि गाव पुन्हा ट्रॅक्टर काढणार, हेच डोक्यात येत होतं. आजा आता थकला आहे.

ही गोष्ट ज्यांना ज्यांना सांगितली त्यांनी शेवटी मला तेच विचारलं, हवालदारानं विचारलं होतं ते. बाबाला कोणी नेलं, ते मी इथे लिहिलेलं नाही. मी एकटी लिहिते आहे, आणि तो समोर नाही.